दीनांचीं मुलें आणि त्यांचे वाली

गरीब वस्तींतील मुलांची काळजी वाहणारा मनुष्य सर्वांच्या आदरास पात्र असतो, आणि तसा तो असावा हें योग्यच आहे. ज्याच्या पायांत वहाण नाहीं, ज्याची आई पहांटेपासून चार घरचीं भांडीं घासते आणि ज्याचा बाप संध्याकाळीं शुद्धीवर घरीं येईल कीं नाहीं याचा भरंवसा नसतो, अशा मुलाकरितां जो आपला वेळ व पैसा खर्च करतो, त्याला नांवें ठेवण्याचें धाडस कोण करील? परंतु आतांच जें वर्णन झालें तें पुन्हां एकदां मनांत आणून पाहावें. तें किती सहज झालें! त्या आईचें नांव कोणीं विचारलें नाहीं. बाप दारू पितो हें कोणीं पाहिलें नाहीं. आणि त्या मुलाला स्वतःविषयीं काय वाटतें हा प्रश्न तर कोणाच्या ओठांवरहि आला नाहीं. वर्णन करणारा वर उभा होता आणि ज्याचें वर्णन झालें तें मूल खालीं होतें, एवढ्यानेंच तें खरें वाटलें.

गरिबांच्या मुलांची काळजी घेणें हें दयेचें काम आहे, तसेंच तें सत्तेचेंहि काम आहे. मुलानें कोठें राहावें, कोणत्या भाषेंत प्रार्थना म्हणावी, केस किती ठेवावे, आईनें त्याला भेटावयास कोणत्या वारीं यावें, तें 'सुधारलें' असें केव्हां समजावें, हें सर्व दुसरा कोणी ठरवीत असतो. राजाची सत्ता किंवा पोलिसाची सत्ता उघड असते; मास्तराच्या हातांतील छडीहि निदान दिसते तरी. उपकारकर्त्याची सत्ता त्याची त्यालासुद्धां दिसत नाहीं, आणि म्हणूनच तिच्याविषयीं बोलणें अवघड होऊन बसतें. ज्यानें अन्न दिलें त्याला 'नको' म्हणणें ही कृतघ्नता ठरते. मूल 'नको' म्हणूं शकतें काय, आणि तें म्हटल्यावर कोणी ऐकून घेतें काय, या एकाच कसोटीवर या कार्याचा थोडासा इतिहास घासून पाहण्यासारखा आहे.

प्रारंभ लंडनपासून करणें सोयीचें. कारण आज जगांत रूढ असलेल्या बालसंस्थांच्या पुष्कळ रीती त्या शहराच्या पूर्व भागांत, गोदीकामगारांच्या व हातमजुरांच्या दाट वस्तींत वाढीस लागल्या. टॉमस बर्नार्डो हा डब्लिन येथें १८४५ सालीं जन्मलेला तरुण १८६६ सालीं लंडनला आला, तो वैद्यक शिकून धर्मोपदेशक म्हणून चीन देशांत जाण्याच्या इराद्यानें. चीनला तो कधींच गेला नाहीं. स्टेपनी भागांत १८७० सालीं त्यानें मुलांसाठीं वसतिगृह काढलें, आणि १९०५ सालीं तो वारला तोंपर्यंत त्याच्या संस्थांनीं हजारों मुलांना आसरा दिलेला होता. कोणत्याहि निराधार मुलास येथून परत पाठविलें जात नाहीं, अशा अर्थाची पाटी त्याच्या दारावर असे. ही गोष्ट लहान नव्हे. लंडनच्या हिंवाळ्यांत रात्रीं दार उघडें ठेवणाऱ्याची थोरवी मान्य करूनच पुढें बोललें पाहिजे.

याच बर्नार्डोनें १८७४ पासून आपल्या संस्थेंत मुलांचीं छायाचित्रें काढण्याची व्यवस्था केली. एक चित्र मूल आलें तेव्हांचें: फाटके कपडे, विस्कटलेले केस, भेदरलेली नजर. दुसरें कांहीं काळानंतरचें: तेंच मूल, स्वच्छ आणि कामाला लागलेलें. अशीं जोडचित्रें छापून विकलीं जात व त्यांच्या जोरावर देणग्या येत. पुढें बोभाटा झाला कीं, यांतील कांहीं 'आधींचीं' चित्रें मुद्दाम बनविलेलीं आहेत. १८७७ सालीं लवादापुढें चौकशी झाली. लवादानें बर्नार्डोला बहुतेक आरोपांतून मोकळें केलें, परंतु चित्रांच्या बाबतींत मात्र दोष दिला. त्यानें स्वतःची तुंबडी भरली असें कांहीं निघालें नाहीं, आणि त्याचा लोभ शोधीत बसण्याचें कारणहि नाहीं. खरी अडचण निराळी आहे. मूल होतें त्याहून अधिक दीन दाखवावें लागलें, याचा अर्थ तें होतें तेवढें दीन देणगीदाराच्या काळजाला पुरेसें वाटत नव्हतें! दुकानदार माल चांगला करून दाखवितो. येथें माल वाईट करून दाखविण्यांत फायदा होता. आणि तो माल म्हणजे एका जित्याजागत्या मुलाचा चेहरा होता.

याहून गंभीर गोष्ट समुद्रापलीकडची. इंग्लंडांतील अनेक संस्थांनीं १८६९ पासून पुढें गरीब मुलें कॅनडांत शेतकऱ्यांच्या घरीं पाठविण्यास सुरुवात केली. मोकळी हवा, भरपूर अन्न, आणि शहरांतील कुसंगतीपासून सुटका, असा तिघांचा एकदम लाभ त्यांत दिसत होता. अशा सुमारें १ लक्ष मुलांची रवानगी झाली. त्यांपैकीं सुमारें ३० हजार एकट्या बर्नार्डोच्या संस्थेनें पाठविलीं. हीं सर्व मुलें पोरकीं होतीं असा समज होईल, पण तसें नव्हतें. पुष्कळांची आई किंवा बाप, कित्येकांचीं दोघेंहि, हयात होतीं. आईबापांच्या संमतीवांचूनहि आपण कांहीं मुलें नेलीं हें बर्नार्डोनें लपविलें नाहीं. मुलाच्या हितासाठीं तें योग्यच आहे असें तो उघड म्हणे. एका आईनें आपला मुलगा परत मागितला, तेव्हां तो एका गृहस्थाबरोबर कॅनडास गेला असून त्याचा पत्ता ठाऊक नाहीं, असें उत्तर तिला मिळालें. हा वाद १८९२ सालीं उमरावांच्या सभेपर्यंत, म्हणजे त्या देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनापर्यंत गेला व निकाल बर्नार्डोच्या विरुद्ध लागला. मात्र त्याच्या आदल्याच वर्षीं पार्लमेंटनें असा कायदा केला होता कीं, टाकून दिलेलें मूल आईबापांनीं परत मागितल्यास न्यायालयाला नकार देतां यावा. न्यायासन आईच्या बाजूनें, कायदा संस्थेच्या बाजूनें. आणि ज्याला विचारावयाचें तो मुलगा हजारों मैलांवर.

कॅनडास गेलेल्यांपैकीं कित्येकांना चांगलीं घरें मिळालीं व तीं मुलें त्या देशांत नांवारूपास आलीं. कित्येकांना गोठ्याच्या आसऱ्यानें झोपून गड्याचें काम करावें लागलें. ऑस्ट्रेलियाकडेहि अशीं मुलें जात राहिलीं, तीं १९६० नंतरहि कांहीं वर्षें. अखेर ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं २००९ सालीं आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनीं २०१० सालीं या मुलांची जाहीर क्षमा मागितली. तोंवर त्यांतील बहुतेक मरून गेलीं होतीं, आणि जीं उरलीं तीं 'मुलें' म्हातारीं झालीं होतीं.

बर्नार्डोच्या वसतिगृहापासून पायीं जातां येईल एवढ्या अंतरावर, व्हाइटचॅपेल येथें, याच काळांत एक अगदीं वेगळा प्रयोग चालला होता. सॅम्युअल बार्नेट हा पाद्री आणि त्याची पत्नी हेन्रिएटा या दांपत्यानें १८८४ सालीं टॉयन्बी हॉल ही संस्था काढली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील तरुण पदवीधरांनीं गरिबांमध्यें नुसतें येऊन जाऊं नये, तर त्यांच्या वस्तींत बिऱ्हाड करावें, शेजारी व्हावें, असा त्यांचा आग्रह होता. कल्पना सुंदर खरी. पण शेजारधर्म म्हणजे काय हें मराठी घरांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. आज वाटीभर साखर उसनी न्यावी आणि उद्यां ती परत करावी. परत करतां येणें हाच शेजाराचा प्राण. उसनें घेणाऱ्याची मान खालीं जात नाहीं, ती याच कारणानें. टॉयन्बी हॉलच्या शेजारांत नेमकी हीच उणीव होती. तरुण तेथें वर्ष-दोन वर्षें राहत आणि मग आपापल्या वाटेनें जात, आणि ती वाट बहुधा वरच जाणारी असे. विल्यम बेव्हरिज हे १९०३ पासून दोन वर्षें तेथें उपप्रमुख होते. १९४२ सालचा त्यांचा अहवाल ब्रिटनच्या समाजकल्याणाच्या योजनेचा पाया ठरला. वस्ती मात्र होती तेथेंच होती.

या मंडळींत क्लेमंट अ‍ॅटली यांची हकीकत विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्यांच्या पंतप्रधानकीच्या काळांत १९४७ सालीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला तेच हे. सुखवस्तु घरांत वाढलेला, वकिलीच्या परीक्षा दिलेला हा तरुण १९०५ सालीं स्टेपनींतील मुलांचा एक क्लब पाहावयास गेला. त्याची जुनी शाळा तो क्लब चालवीत असे. १९०७ सालीं त्या क्लबचा व्यवस्थापक होऊन तो तेथेंच राहावयास गेला. गरिबी ही आळसामुळें व उधळेपणामुळें येते, अशा समजुतींत तो वाढला होता. रोज संध्याकाळीं मुलांबरोबर बसून, त्यांच्या घरच्या मजुरीचे हिशेब ऐकून ती समजूत गळून पडली आणि तो समाजवादी झाला. पुढें १९१९ सालीं तो त्याच स्टेपनीचा महापौर झाला व १९२२ सालीं शेजारच्या लाइमहाउसमधून पार्लमेंटांत गेला. मुलांना शिकवावयास गेलेला मनुष्यच तेथें शिकला. शिकविणाऱ्या त्या मुलांचीं नांवें मात्र कोणत्याहि चरित्रग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाहींत. दात्यानें दिलेल्या बुटांच्या जोडांची नोंद संस्थेच्या वहींत असते. वस्तीनें दात्याला जें दिलें त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

टॉयन्बी हॉल पाहून आल्यावर जेन अ‍ॅडम्स या अमेरिकन विदुषीनें आपल्या एका मैत्रिणीसह १८८९ सालीं शिकागो शहरांत हल हाउस उघडलें. सभोंवार यूरोपांतील नाना देशांतून आलेल्या मजुरांची वस्ती होती. बाईंचें मोठेपण असें कीं, त्यांनीं आपल्या स्वतःच्या वर्गाकडे डोळे उघडून पाहिलें. १९०२ सालच्या एका ग्रंथांत त्यांनीं, धर्मादाय संस्थेतर्फें गरिबांच्या घरीं चौकशीस जाणाऱ्या सुशिक्षित तरुणीचें चित्र रेखाटलें आहे. ती काटकसरीचा उपदेश करते, उद्योगाचा उपदेश करते. पण तिनें स्वतः कधीं पोटासाठीं काम केलेलें नसतें. कपडे धुऊन पोट भरणाऱ्या बाईच्या पसारा पडलेल्या घरांत नीटनेटक्या पोशाखानें शिरतांना तिला स्वतःच्या श्रेष्ठपणाविषयीं शंका येऊं लागते. जगाच्या उपयोगाची ही बाई आहे कीं आपण, असा प्रश्न पडतो. शेजारणी एकमेकींच्या मदतीला कांहीं न विचारतां धांवतात, आणि ही तरुणी मात्र दहा प्रश्न विचारून मग हात आंखडता घेते, याचा त्या गरीब बायकांना मोठा अचंबा वाटतो. हें वाचतांना आपल्याकडील कित्येक सन्मान्य मंडळांच्या सभासद भगिनी डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या तर तो दोष ग्रंथकर्त्रीचा नव्हे.

अ‍ॅडम्सबाईंनीं आणखी एक मासलेवाईक गोष्ट केली. मुलांना स्वच्छतेचे धडे देऊन न थांबतां १८९५ सालीं त्यांनीं आपल्या विभागाच्या कचरा-निरीक्षकाचें पद स्वीकारलें व पहांटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागें हिंडूं लागल्या. मुलाचें तोंड धुण्यापूर्वीं त्याच्या दारांतील घाण नगरपालिकेकडून उचलून घ्यावी, हा विचार ज्याला सुचतो त्याला सत्तेचा खरा उपयोग कळला असें म्हणावें.

परंतु हल हाउसच्या परिवारांतील स्त्रियांनीं ज्यासाठीं खटपट केली त्या दुसऱ्या एका सुधारणेची कथा विचार करावयास लावणारी आहे. शिकागो येथें १८९९ सालीं मुलांसाठीं वेगळें न्यायालय स्थापन झालें. अशा न्यायालयांत तें पहिलें मानलें जातें. मुलाला शिक्षा करावयाची नाहीं, त्याला सुधारावयाचें. न्यायाधीशानें न्यायाधीशासारखें नव्हे तर बापासारखें वागावयाचें, असें त्यामागील तत्त्व होतें. मोठ्या कैद्यांबरोबर मुलांना कोंडण्याची दुष्ट चाल मोडावयास त्यानें मदत केली, हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. पण बापापुढें वकील कशाला? बापाला साक्षीपुरावा कशाला? मायेच्या पांघरुणाखालीं कायद्याचीं सर्व रक्षणें हळूहळू झांकून गेलीं. त्याचें फळ १९६४ सालीं अ‍ॅरिझोना या संस्थानांत दिसलें. गॉल्ट नांवाच्या १५ वर्षांच्या मुलावर, त्यानें एका शेजारणीला टेलिफोनवरून अश्लील भाषण केलें, असा आरोप आला. तक्रार करणारी बाई न्यायालयांत आलीच नाहीं. मुलाला वकील नव्हता. याच गुन्ह्याबद्दल प्रौढ मनुष्याला फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिन्यांची कैद झाली असती. मुलाला २१ वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारशाळेंत ठेवण्याचा हुकूम झाला. १९६७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला, आणि आरोप कळण्याचा, वकील मिळण्याचा, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारण्याचा व स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क मुलालाहि आहे असें ठरविलें. दोन महिन्यांच्या जागीं सहा वर्षें! बापाची माया एवढी महाग पडली.

हीं सर्व उदाहरणें परमुलखांतील आहेत असें म्हणून मराठी घरांना स्वस्थ बसतां येणार नाहीं. कारण या दोन्ही कल्पना, वसतिगृहाची आणि शेजाराची, मुंबईंतहि येऊन पोंचल्या. मुंबईच्या डोंगरी भागांत उमरखाडी येथें मुलांचें गृह आहे. ती जागा मूळची तुरुंगाची. कोल्हापूर प्रकरणांत शिक्षा झालेल्या टिळक-आगरकरांनीं १८८२ सालीं याच डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले, आणि आगरकरांनीं त्या दिवसांवर लिहिलेलें पुस्तक मराठींत प्रसिद्धच आहे. मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांविषयींचा कायदा झाला, १९२७ सालीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि राजद्रोह्यांच्या व चोरांच्या भिंतींआड मुलें राहूं लागलीं. कायदा करणाऱ्यांचा हेतु चांगला होता. परंतु गिरणगांवांतील आया पोरांना धाक घालतांना 'रिमांड होममध्यें टाकीन' असें म्हणत, तें उगाच नव्हे. जेथें आधार वाटावयाचा तेथें भय वाटत होतें. असल्या कायद्यांची मेख अशी असते कीं, गुन्हा केलेलें मूल आणि नुसतें गरीब असलेलें मूल हीं दोन्ही एकाच दारानें आंत येतात. भीक मागणें, रस्त्यावर हिंडणें, घर नसणें, ही कारणें पुरतात. बंगल्यांतील मुलगा शाळा बुडवून दिवसभर चौपाटीवर भटकला तर तो व्रात्य; झोपडींतील मुलगा तेंच करील तर तो भटक्या, आणि त्याच्यासाठीं मात्र गाडी येते.

डोंगरीपासून फार दूर नाहीं असा नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे १९२५ सालीं मुंबईंत आले व लौकरच त्यांनीं तेथें नागपाडा नेबरहूड हाउस उभें केलें, नांवाप्रमाणेंच शेजारघर. पुढें १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें शिक्षण देणारी शाळा निघाली, तिचे पहिले प्रमुख मॅन्शार्टच होते, आणि तिचे वर्ग याच वस्तींत भरूं लागले. परदेशी मनुष्य, परदेशी पैसा आणि परधर्माचें मिशन. वरचेपणाचीं सर्व चिन्हें येथेंहि होतीं. तथापि नागपाड्यांत पुढें एक मौजेची गोष्ट घडली. बास्केटबॉल हा अमेरिकेंत १८९१ सालीं निघालेला खेळ तेथील गल्ल्यांत असा रुजला कीं, देशासाठीं खेळणारे खेळाडू त्या दाटीवाटीच्या वस्तींतून निघाले. शिकविणारेहि मग बाहेरून आणावे लागले नाहींत. तेथील सार्वजनिक मैदानाला आज बच्चू खान यांचें नांव आहे; ते त्याच वस्तीचे नामांकित प्रशिक्षक. परक्यानें आणलेला चेंडू वस्तीच्या हातीं गेला आणि तिनें तो परत दिला नाहीं, हें उत्तम झालें.

सत्ता कोणाच्या हातीं असावी हा प्रश्न महाराष्ट्राच्या एका सुपुत्रानें जितक्या रोखठोकपणें विचारला तितका क्वचितच कोणीं विचारला असेल. सप्टेंबर १९३२ मध्यें अस्पृश्यतानिवारणासाठीं अखिल भारतीय संघ स्थापन झाला; तोच पुढें हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. शाळा, शिष्यवृत्त्या, वसतिगृहें हीं त्याचीं मोठीं कामें होतीं. डॉ. आंबेडकर प्रारंभीं त्याच्या मध्यवर्ती मंडळावर होते. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विलायतेस जातांना बोटीवरून त्यांनीं संघाचे चिटणीस अमृतलाल ठक्कर यांस सविस्तर पत्र लिहिलें. निवडक मुलांना शिकवून सद्गुणी करण्यापेक्षां सर्व मुलांना गांवच्या विहिरीवर व गांवच्या शाळेंत हक्कानें जातां येईल असें करावें, आणि हें काम करणारे सेवक शक्यतों अस्पृश्य समाजांतूनच घ्यावे, कारण त्यांना त्याची कळकळ राहील, असा त्या पत्राचा आशय होता. हें केवळ पत्र लिहिणाऱ्याचें बोलणें नव्हतें. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें १९२५ सालींच सोलापुरास विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलेलें होतें. संघानें ही दिशा घेतली नाहीं व डॉक्टर त्यांतून बाहेर पडले. गांधीजींचें म्हणणें निराळें होतें. हें काम म्हणजे सवर्णांचें प्रायश्चित्त आहे, ते ऋणको आहेत, म्हणून संघाचा कारभार त्यांनींच केला पाहिजे; अस्पृश्यांनीं सल्लागार मंडळें काढून त्यांच्या कामावर नजर ठेवावी, असें ते सांगत. या म्हणण्यांत उदात्तपणा आहे यांत शंका नाहीं. परंतु कर्जाचा हप्ता किती व केव्हां भरावयाचा हें ऋणकोनेंच ठरवावें आणि धनकोनें फक्त सल्ला द्यावा, हा व्यवहार कोणत्या पेढीवर चालतो?

आज या गोष्टीला नव्वदांवर वर्षें लोटलीं. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ सालीं झाला व भारतानें तो १९९२ सालीं स्वीकारला. आपल्याविषयींच्या निर्णयांत मुलाला बोलण्याचा हक्क त्यांत स्पष्ट लिहिलेला आहे. भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यांतहि तें तत्त्व आलें आहे. एवढेंच नव्हे, तर संस्थेच्या व न्यायमंडळाच्या कक्षेंत आलेल्या मुलाची ओळख पटेल असें नांव किंवा चित्र प्रसिद्ध करण्यास त्या कायद्यानें बंदी घातली. बर्नार्डोच्या जोडचित्रांना हें उत्तरच म्हणावयाचें. तरी वस्तींत वह्या वांटावयाच्या दिवशीं काय घडतें? मुलांची रांग लागते, प्रत्येकाच्या हातीं एकच वही, पाहुणे ती वही सोडीत नाहींत, मूलहि सोडीत नाहीं, आणि टिपणाऱ्याचें काम होईपर्यंत दोघेंहि तसेच उभे. तेंच छायाचित्र पाहुण्यांच्या शाळकरी मुलाचें कोणीं न विचारतां काढून छापलें असतें तर घरांत केवढा गहजब झाला असता!

हाच भेद काम करणारांतहि आहे, आणि त्याकडे सुशिक्षितांचें लक्ष कमी जातें. शहरांतील चांगल्या घरांतून आलेले पदवीधर वर्ष-दोन वर्षें वस्तींतील मुलांना शिकवितात. त्यांची तळमळ खोटी नसते, आणि त्या दोन वर्षांचा उल्लेख पुढील अर्जांत शोभूनहि दिसतो. मुलें त्यांना लळा लावतात आणि मग ताईचा किंवा दादाचा निरोपसमारंभ होतो. वस्तींतच जन्मलेली, वस्तींतच राहणारी सेविका मात्र वर्षानुवर्षें तेथेंच असते. १९७५ सालीं सुरू झालेल्या अंगणवाडीच्या योजनेंत तिला पगार मिळत नाहीं, 'मानधन' मिळतें. आणि मान किती व धन किती हें तिलाच विचारावें. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, एवढें ठरण्यासाठींसुद्धां २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल व्हावा लागला. कोणत्या मुलाच्या घरीं काल चूल पेटली नाहीं हें जिला ठाऊक, ती सभेंत सतरंजी घालते. आणि ज्याला तें तिच्याकडूनच कळलें, तो व्यासपीठावरून भाषण करतो.

हें चित्र उलटें करण्याचा एक चांगला प्रयत्न मुंबईंतच झाला. १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्यांतून मुलांसाठीं टेलिफोनची एक सेवा निघाली. तिचा क्रमांक १०९८. रस्त्यावरच्या मुलांनाहि लक्षांत राहावा म्हणून दहा-नऊ-आठ असा उतरत्या क्रमानें म्हणावयाचा. पुढें ती देशभर पसरली व २०२३ पासून शासनाच्या व्यवस्थेंत गेली. तींत नवें होतें तें एवढेंच: मदत मुलाला शोधीत आली नाहीं, मुलानें मदतीला हांक मारली. केव्हां बोलवावें आणि केव्हां फोन खालीं ठेवावा हें त्यानें ठरविलें.

बालन्याय कायद्याखालीं २०१६ सालीं जे नियम झाले त्यांत एक लहानसा नियम आहे. मुलाविषयीं निर्णय देणाऱ्या मंडळानें उंच चौथऱ्यावर बसूं नये, आणि मंडळ व मूल यांच्यामध्यें साक्षीदाराचा पिंजरा किंवा कठडा असूं नये. ज्यांचा जन्म शाळेच्या वर्गांत गेला त्यांना या नियमाची किंमत अधिक कळेल. वीतभर उंचीच्या लांकडी चौथऱ्यावर खुर्ची चढली म्हणजे समोरच्या मुलाचा आवाज किती खालीं जातो, हें त्यांनीं पाहिलेलें असतें. चौथरा बऱ्याच ठिकाणीं निघाला असेल. समोरच्या मुलाला बसावयास खुर्ची दिलेली असते कीं तें उभेंच असतें, हें मात्र ज्या त्या खोलींत जाऊनच पाहावें लागतें.